दोन साक्षीदारांची पेटी

मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. पैज लावतो! अबू रश्वान, तू आपली कात्री चालू ठेव आणि गिऱ्हाइकाचा कान तेवढा सांभाळ. आणि हो, मला कोट काढायचा आग्रह कुणी करू नका. ऑगस्ट असला म्हणून काय झालं? म्हाताऱ्या हाडांना अम्मानमध्ये बारा महिने थंडीच!

तर, कबुतरवाल्याची साक्ष आमच्या टेकडीवर कुणी धरत नाही. लग्नात मटण-भात पोटभर वाढतील, पण निकाहाला साक्षीदार म्हणून उभं करणार नाहीत! का, तर जो माणूस दिवसभर गच्चीवर उभा राहून दुसऱ्याच्या पाखराला ‘माझं, माझं’ म्हणतो, त्याच्या जिभेचा काय भरवसा? जन्मभर मी हा अपमान गिळला.

पण या वसंतात माझी सुलताना गेली, आणि घास घशात अडकला.

सुलताना म्हणजे काय चीज! पांढरीशुभ्र, पायांत पिसांचे पैंजण. ती आकाशात कोलांट्या घ्यायला लागली की खालच्या गल्लीत गाणं वाजवत सिलिंडर विकणारी गॅसची गाडी आपलं गाणं बंद करून उभी राहायची! त्या संध्याकाळी थवा उतरला, सुलताना उतरली नाही. बघतो तर समोरच्या गच्चीवर, अबू कुतैबाच्या खुराड्यात, पाटलीणबाईसारखी बसलेली!

“अबू कुतैबा, माझी मादी दे!”

“तुझी? अरे अबू झुहैर, हिच्या पणजीला मी माझ्या हातानं मसूर भरवलेत!”

“आपला तह झालाय, विसरलास?”

“तह पाखरांचा झालाय. थापांचा नाही!”

तह नसेल तर एकमेकांची पाखरं खुशाल धरावीत. पण तह झाला, की चुकून उतरलेलं पाखरू त्याच दिवशी परत करायचं. आमचा तह याच दुकानात, याच आरशासमोर, या अबू रश्वानच्या हातावर हात ठेवून झाला होता. म्हणून न्यायाला आलो ते याच्याकडेच. याने वस्तरा पुसला आणि म्हणाला, “तुम्ही दोघंही कबुतरवाले. म्हणजे साक्ष शून्य! शुक्रवारी नमाजानंतर कबुतरं न पाळणारे दोन साक्षीदार आण. नाहीतर सुलताना त्याची.”

दोन साक्षीदार! आमच्या गल्लीत माझ्या बाजूने बोलायला माझी बायकोसुद्धा तयार होत नाही!

तोंड पाडून घरी आलो. माझी मुलगी रुबा घरीच नवऱ्या मुलींचे पोशाख शिवते. तिच्या शिवणयंत्राशेजारी एक काळी पेटी असते, बुटांच्या खोक्याएवढी, वायफायला जोडलेली. घरातल्या सगळ्या मोबाइल-कॉम्प्युटरांचं कोठारच ते! मापं, नक्ष्या, फोटो, सगळं तिच्या पोटात. आमच्या टाकीतलं पाणी कोण चोरतं ते पाहायला गच्चीवर कॅमेरा लावलाय, तो जे पाहतो तेही तिथेच जातं.

“मग सुलतानाला कोणी धरलं ते यात असेलच की, बाबा,” रुबा म्हणाली. “आणि ते हरवणारही नाही. आत दोन डिस्क आहेत. एकीवर जे उमटतं तेच दुसरीवर. एक मेली तरी दुसरी सांगते.”

मी जागेवरून उडालोच! “म्हणजे दोन साक्षीदार!”

“अहो बाबा, डिस्क आहेत त्या.”

“मग तर उत्तमच! कबुतरं पाळत नाहीत!”

झालं! बेकरीपासून मशिदीच्या पायऱ्यांपर्यंत मी दवंडी पिटली. अबू कुतैबाच्या गच्चीखाली उभा राहून ओरडलो, “शुक्रवारी ये! साक्षीदार आणतोय, वस्तऱ्याहून धारदार!”

गुरुवारी रुबाच्या कॉम्प्युटरवर बसून मी साक्ष पाहून घेतली. अहाहा! अबू कुतैबा दबा धरून बसलाय, सुलताना उतरतेय, आणि जाळं पडलं! मी खुर्चीतच नाचलो. नाचता नाचता बोट घसरलं, आणि त्याच दिवशीची सकाळ पडद्यावर आली.

गच्चीवर लेंगा घातलेला एक म्हातारा. हातात मादी, ओठांवर शीळ. वरून अबू कुतैबाचा काळा नर भुलून उतरतो. म्हातारा त्याला अलगद कोटाच्या आतल्या खिशात सारतो, आणि फरिश्त्यासारखा आभाळाकडे बघत राहतो. म्हातारा कोण ते चटकन लक्षात आलं नाही. पण लेंगा माझा होता!

मला दरदरून घाम फुटला. मग डोकं चाललं. डिस्का दोन, प्रसंग दोन. एकीत सकाळ असणार, दुसरीत संध्याकाळ! रुबा काय म्हणाली होती ते त्या घाईत कोणाला आठवतंय? डावीकडची ओढली, कोटात टाकली.

आणि पेटीने जो टाहो फोडला! कबूल करतो, इस्पितळात मूळव्याध कापताना मीही एवढा ओरडलो नव्हतो. रुबा तोंडात टाचण्या धरून धावली, बायको डाव घेऊन धावली, खालचा बेकरीवाला पिठाच्या हातांनी वर आला!

“डिस्क कोणी काढली?”

“मांजर आलं होतं,” मी म्हणालो.

“असू दे. दुसरीत सगळं शाबूत आहे. मी नवी बसवते. उद्यापर्यंत जुनी तिला सगळं शिकवेल.”

“सगळं? म्हणजे... सकाळचंसुद्धा?”

“अगदी पहिल्या दिवसापासूनचं!”

काय जमाना आला! तो नवा साक्षीदार त्या सकाळी कपाटात, खोक्यात झोपला होता. आणि आता तोही माझ्याविरुद्ध डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगणार!

शुक्रवारी दुकानात मुंगीला जागा नव्हती. रुबाने टीव्ही जोडला. मी म्हटलं, “थेट संध्याकाळ लाव गं, सकाळी उजेड बरा नव्हता.”

“का रे?” अबू कुतैबा म्हणाला. “साक्षीदार पहाटे उठत नाहीत वाटतं? लाव मुली, सगळं लाव!”

तिने सगळं लावलं. गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर साबण तसाच वाळला. आणि अबू कुतैबा किंचाळला, “हा लेंगा मी कुठेही ओळखेन!”

नंतर पडद्यावर संध्याकाळ आली, आणि किंचाळायची पाळी माझी होती.

अबू रश्वानने निकाल दिला, “तह दोघांनी मोडला. सुलताना याची याला, काळा नर त्याचा त्याला. आणि यापुढे निकाहाला साक्षीदार कमी पडला, तर या घरातून पेटी बोलवा. खरं बोलणारी तेवढी एकच आहे!”

सुलताना घरी आली! मी तिला खांद्यावर घेऊन टेकडीभर मिरवलं. आणि तुम्हाला सांगतो, मी सुधारलो. काळा नर त्याच शुक्रवारी, दाणे चारून, सन्मानाने पोचता केला. तेव्हापासून आजपर्यंत अबू कुतैबाच्या पाखराचं पीससुद्धा या हातांना लागलेलं नाही. तुम्ही म्हणाल ती शपथ घेतो! अरे अबू रश्वान, कात्री का थांबवलीस?

“अबू झुहैर, तुझा कोट घुमतोय.”