वाळूतले दोन शब्द

जीपमधून उतरताच चांगदेवांच्या गळ्यात झेंडूचा हार पडला आणि मागून उतरणाऱ्या त्यांच्या बायकोचा, आक्काबाईंचा, पाय जीपच्या पायरीवरच थांबला.

हार घालणारे लॉजचे मॅनेजर होते. त्यांच्यामागून एक उंच माणूस पुढे झाला आणि त्याने चांगदेवांच्या डोक्याभोवती भराभर वेढे देत केशरी फेटा बांधला. बाजूला पांढऱ्या मिशांचा ढोलवाला ढोल बडवत होता. फेट्याचं टोक खोचलं गेलं, ढोल थांबला, आणि सगळी मंडळी हात जोडून, हसऱ्या तोंडाने चांगदेवांकडे बघत उभी राहिली. चहूकडे वाळू, वाळूत पांढरे तंबू. आता पाहुण्यांनी आपल्या तंबूत जावं, एवढीच त्यांची अपेक्षा.

चांगदेव जागचे हलले नाहीत. त्यांनी घसा खाकरला.

दौंडहून पुणं, पुण्याहून विमानाने दिल्ली, दिल्लीच्या विमानतळावर बसून बसून सुजलेले पाय, मग जैसलमेरचं दुसरं विमान आणि शेवटी ही जीप. पण आक्काबाई आपले पाय विसरल्या. तो घसा त्यांच्या चांगला ओळखीचा होता.

चांगदेव रेल्वेत गार्ड होते. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने बसून जन्म गेला. बोलायचं कुणाशी, तर हातातल्या झेंड्याशी. रिटायर झाले त्या दिवशी दौंड स्टेशनवर साथीदारांनी बँड लावला, हार घातला, फेटा बांधला आणि हातात माइक दिला. आपल्याकडे हार घातलेल्या माणसाला दोन शब्द बोलल्याशिवाय कुणी सोडत नाही. समोर अख्खी रेल्वे कॉलनी आणि शिरूरहून आलेले आक्काबाईंचे भाऊ टक लावून बसलेले. चांगदेवांनी घसा खाकरला, माइकने शिट्टी मारली, ओठ हलले, पण शब्द काही फुटेना. मागून कुणीतरी खुसकन हसलं आणि चांगदेव खाली बसले, ते बसलेच. त्यानंतर ते ना कुणाच्या लग्नाला गेले, ना जयंतीच्या कार्यक्रमाला, ना म्हाताऱ्या गार्डांच्या फलाटावरच्या बाकड्याकडे. घरातसुद्धा बोलणं 'व्हय' आणि 'न्हाई' यांवर येऊन थांबलं. एके काळी ड्यूटीवरून आल्यावर हाच माणूस चुलीपाशी बसून, कुठल्या स्टेशनात गाडी का अडकली ते रंगवून सांगायचा. जेवताना आक्काबाईंना ते सगळं आठवायचं.

म्हणूनच रांजणगावच्या कंपनीत असलेल्या मुलाने, महेंद्रने, हा दोघांच्याच प्रवासाचा घाट घातला. नव्या जागी आबा खुलतील, असं सूनबाईचं, रश्मीचं म्हणणं. आक्काबाई जीव मुठीत धरून विमानात बसल्या त्या एवढ्यासाठीच.

आणि आत्ता त्यांना रश्मीने मोबाईलवर दाखवलेले या लॉजचे फोटो आठवले. त्यांतल्या प्रत्येक पाहुण्याच्या डोक्यावर हाच फेटा होता. गोऱ्या बायकांच्या होता, एका शेंबड्या पोराच्याही होता. हा सत्कार नव्हे, ही इथली रीत. पण हे सांगावं तर माणूस पुन्हा मिटणार, आणि या खेपेला कायमचा.

"व्यासपीठावरील मान्यवर," चांगदेव म्हणाले, "आन् जमलेल्या बंधू-भगिनींनो, समद्यांना सप्रेम जयभीम."

व्यासपीठाच्या जागी एक उंट बसला होता. तो रवंथ करायचा थांबला.

आपण रेल्वेची सेवा कशी केली, याची सुरुवात चांगदेवांनी भरतीच्या दिवसापासून केली. मॅनेजरला वाटलं, पाहुण्यांची काहीतरी तक्रार आहे. ते दर वाक्याला 'सॉरी सर' म्हणू लागले. चांगदेवांना तो अनुमोदनाचा प्रकार वाटला आणि त्यांचा आवाज चढला. मॅनेजरने घाईघाईने सरबताचा पेला पुढे केला. भाषणात वक्त्याला पाणी देतात तसा तो घेऊन चांगदेवांनी घोटभर प्यायलं, पेला मॅनेजरच्याच हातात ठेवला आणि पुढचा मुद्दा घेतला. ढोलवाला मॅनेजरच्या कानाशी काहीतरी पुटपुटला, तेव्हा कुठे मॅनेजरांचं 'सॉरी' थांबलं.

एवढ्यात मागून दुसरी जीप आली. फेटेवाल्याने नवं कापड झटकलं, कुणीतरी हारांचं ताट उचललं. आता आणखी एका माणसाच्या गळ्यात हार पडला की संपलं. आक्काबाई लगबगीने जीपकडे गेल्या, दार उघडत होतं ते त्यांनी बाहेरून दाबून धरलं आणि दुसरा हात वर करून आतल्या दिल्लीच्या कुटुंबाला, थांबा म्हणून खुणावलं. तिच्यामागे तिसरी जीप आली, तीही थांबली. सिग्नल मिळाला नाही की दौंडच्या बाहेर गाड्या अशाच एकीमागे एक उभ्या राहतात. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागले. ताटवाला पुढे आला तेव्हा आक्काबाईंनी त्याच्या हातून हारांचं ताट काढून घेतलं आणि पदराखाली धरलं. शेवटी दिल्लीकर दुसऱ्या दाराने उतरलेच. पण समोर फेटा बांधून बोलणारे आजोबा बघून त्यांना वाटलं, हा पॅकेजमधलाच कार्यक्रम असावा. ते वाळूत मांडी घालून बसले आणि मोबाईल वर धरले.

सभा भरली. चांगदेवांनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली.

"दौंडात गाडीचं तोंड फिरतं," ते म्हणाले. "इंजिन हिकडचं तिकडं लावत्यात. मंग गार्डाला अख्खी गाडी चालत जाऊन पुन्हा शेवटालाच बसावं लागतं. गाडी कुठल्या बी तोंडानं जाऊ द्या, गार्ड आपला शेवटाला. त्याचं मला कवा वाईट वाटलं न्हाई." त्यांनी आक्काबाईंकडे बघितलं. आक्काबाईंनी ताट छातीशी धरलं. "पर ड्यूटीचा निरोप आला की माझ्या आधी ही उठायची. भाकरी बांधून द्यायची आन् इचारायची, कवा येनार. मालगाडीचं काय सांगनार? मला कवा बी सांगता आलं न्हाई. आन् हिनं इचारायचं कवा सोडलं न्हाई. येवढंच बोलायचं व्हतं. जयभीम."

टाळ्या पडल्या. आक्काबाईंना पुढचं नीट दिसेना, तरी त्यांनी ताट उंटापाशी ठेवलं, नवऱ्याचा दंड धरला आणि त्याला मागे वळायची संधी न देता तंबूत नेऊन पडदा ओढला. बाहेर लगेच ढोल सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला.

"कुनाची तरी वरात असंल," आक्काबाई न विचारताच म्हणाल्या.

चांगदेवांनी फेटा अलगद काढून मांडीवर घेतला. "वरात कशाची? फेटं बांधत्यात पावन्यांना. आपल्या म्होरच्या जीपमधल्या म्हाताऱ्याला बी बांधला. मी ड्रायव्हरशेजारी बसलो व्हतो, दिसलं की मला."

आक्काबाई खाटेवर टेकल्या. "मंग भाषण कशापायी केलं?"

"हितं मराठी कुनाला येती? चुकलो तरी हसनार कोन?" चांगदेव फेट्याच्या पदराशी चाळा करत म्हणाले. "तू येकली ऐकनारी. आन् सांगायचं बी तुलाच व्हतं."

तेवढ्यात पडद्याबाहेरून आवाज आला, "आबा, येऊ का? चहा आणलाय."

पडदा सारून ढोलवाला आत आला. कप ठेवता ठेवता त्याने सांगितलं की तो कुरकुंभच्या कंपनीत बरीच वर्षं कामाला होता, दौंडच्या बाजारात भाजी घ्यायचा.

"भाषण एकदम कडक झालं, आबा," तो म्हणाला. "मी मागं उभा राहून सगळ्यांना हिंदीत सांगत होतो. ते दिल्लीवाले मॅडम तर रडले."

तो गेला. चांगदेवांची मान खाली गेली. कान लाल झाले होते. गेलं, आक्काबाईंच्या मनात आलं, एवढ्या लांब येऊन हातचं गेलं. बाहेर उन्हं वाळूवर लांब झाली, चहावर साय धरली, तरी चांगदेव वर बघेनात.

मग खालमानेनेच ते म्हणाले, "समद्यांना कळलं म्हनला न्हवं त्यो?"

"व्हय," आक्काबाई हळूच म्हणाल्या.

"मंग कसं झालं?"

"झाक झालं."

चांगदेवांनी फेटा उचलला आणि अंदाजाने पुन्हा डोक्यावर ठेवला. तो एका कानावर कलला.

"पर येक मुद्दा ऱ्हायला," ते म्हणाले.

आक्काबाईंनी चहा त्यांच्यापुढे सरकवला आणि खाटेवर पाय लांब केले.

"बोला," त्या म्हणाल्या.