मास्तरांचं ‘सूं’

तंतुवाद्यांच्या चौकडीचं ध्वनिमुद्रण सुरू होतंय न होतंय तोच काचेपलीकडून ध्वनिमुद्रक म्हणाला, “मास्तर, तुमचं नाक फार वाजतंय.”

मास्तर ओशाळले. पहिलं व्हायोलिन आपलं म्हणजे चौकडीही आपलीच, असा त्यांचा समज. गज तारेवर टेकवण्याआधी ते नाकाने जोरात ‘सूं’ करत आणि त्या इशाऱ्यावर बाकीचे तिघं सुटत: बायको व्हायोलावर, मेहुणा चेलोवर आणि शेजारचे दातांचे डॉक्टर दुसऱ्या व्हायोलिनवर. घरच्या तालमीत ते कधी कुणाला खटकलं नव्हतं. पण यंदा तरी संगीतसभेत वर्णी लागते की नाही, हे याच मुद्रणावर ठरायचं होतं. आणि मास्तर शाळाभर आधीच सांगून बसले होते.

मग उपाय सुरू झाले. मास्तरांनी भुवया उडवून इशारा केला, तर मेहुण्याला हसू आवरेना. मान हलवली, तर चष्मा बायकोच्या मांडीत. तोंडाने श्वास घेऊन पाहिला, तर डॉक्टर वाजवायचं सोडून सवयीने आत डोकावले आणि डावीकडची अक्कलदाढ एकदा दाखवून घ्या म्हणाले. स्टुडिओची वेळ संपत आली.

बायको वैतागली. “तुम्ही काहीसुद्धा करू नका. आमचं आम्ही बघतो.”

मास्तरांनी डोळे मिटले, श्वास कोंडला. आणि काय आश्चर्य, तिघं अगदी एकदम सुटले, ते थेट शेवटपर्यंत. कुठे म्हणून अडखळले नाहीत.

“फारच छान,” ध्वनिमुद्रक म्हणाला. “पण मास्तर, तुम्ही का नाही वाजवलंत?”

“मी ‘सूं’ची वाट बघत होतो,” मास्तर म्हणाले. एकदा गाडी चुकल्यावर मधेच कुठे चढायचं ते त्यांना कळलं नव्हतं. मेली लाज वाटत होती ती वेगळीच. बायकोला वाटलं होतं, आज पहिल्यांदाच हे जरा हळू वाजवताहेत, आणि तिला ते आवडलंही होतं.

आता एकाच खेपेपुरती वेळ उरली होती. बायकोने व्हायोला हनुवटीखाली धरला, नवऱ्याकडे पाहिलं आणि स्वतःच नाकाने खणखणीत ‘सूं’ केलं. चौघंही सुटले. ध्वनिमुद्रकाने कपाळाला हात लावला, पण थांबवलं नाही.

सभेत वर्णी लागली. शाळेत हेडबाईंनी अभिनंदन करून विचारलं, चौकडीचे प्रमुख तुम्हीच ना?

“छे हो,” मास्तर म्हणाले. “सुरुवात आमची ही करते. मी आपला मागोमाग येतो.”