दोन निशाण्या उण्या पडल्याची हकीकत

श्रीनदीमाता प्रसन्न. राज्य अखंड असो, प्रजा सुखरूप असो. साहेबी आज्ञा केली की, पंथाचा हुकूम शिक्क्याविना का राहिला ते लेहून पाठवणे. त्यास जैसे घडले तैसे, पदरचे न घालता लिहिले आहे.

शके सोळाशे बासष्ट, रौद्र नाम संवत्सरे, एका लहानशा राज्यात दोन पंथ नांदत होते. उगवतीस तोंड करून देवाचे नाव घेत ते उगवतीकर, आणि मावळतीस तोंड करीत ते मावळतीकर. यापलीकडे उभयतांत आमटीच्या फोडणीचाही भेद नव्हता. राजे आजारी, कारभार दिवाणजींचे हाती, आणि दिवाणजी उगवतीकर, पंथाचे मोठे अभिमानी. त्यांनी मसुदा केला की, दुकानदार, वैद्य, सुईण, नावाडी कोणीही असो, आपल्या पंथास बाध येतो ऐसे वाटल्यास त्याने परपंथीयास माघारी लावावे, सरकार पुसणार नाही. परंतु तेथील शिरस्ता ऐसा की, कसबाविषयी हुकूम करणे तर बारा कसबांच्या वडीलधाऱ्यांनी कागदावर आपली निशाणी काढावी. सुताराने वाकस, न्हाव्याने आरसा, आणि मग शिक्का. त्याविना हुकूम होत नसे.

शिक्का अजून व्हावयाचा होता, परंतु बातमी आधीच गावभर जाहली. तेली माप भरण्याआधी "तोंड कोणीकडे करता?" पुसू लागला, आणि वैद्याचे ओटीवरून तापाने फणफणलेली माणसे उठवली गेली, आणि मग दिवाणजींचे प्यादे घाटावर येऊन उभे राहू लागले. त्या घाटावर खेत्रोजी नावाडी होता, उगवतीकर, मूळचाच भित्रा. भर पुरात नाव घालील, पण प्यादा नुसता खाकरला तर वल्हे हातून गळेल. एके दुपारी हौसाई सुईण, मावळतीकर, काखेत गाठोडे मारून धावत आली. पैलतीरी एक बाई अडली होती. प्यादा बघत राहिला. खेत्रोजीने मान खाली घातली आणि म्हणाला, "हौसाई, आज न्हाई जमायचं." ती दोन कोसांवरच्या पायउताराकडे, जेथे नदी चालत ओलांडता येई तिकडे, पळत गेली. पोहोचली तो मूल गेले होते.

खेत्रोजीची लेक भिवरा पहिलटकरीण, माहेरी आलेली, आठवा महिना लागलेला, आणि गावात सुईण हौसाई एकच. तेव्हापासून त्यास अन्न गोड लागेना. लेकीने सहज कमरेवर हात ठेवला तरी हा जेवता उठून उभा राही.

मार्गशीर्ष वद्य पंचमीस कचेरीत सभा भरली. दहा कसबांनी निशाण्या काढिल्या. कोणी खुशीने काढिली, कोणी भयाने, कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. राहिले दोघे, नावाड्यांचा वडीलधारा खेत्रोजी आणि सुईण हौसाई. दिवाणजी म्हणाले, "खेत्रोजी, वल्हे काढा." खेत्रोजीने लेखणी धरिली, दौतीत बुडविली, आणि परत दौतीजवळ ठेविली.

"सरकार, न्हाई काढवत."

"का? तुमच्याच धर्माचा सांभाळ केला आहे."

"धर्म माज्या घरात हाय, देव्हाऱ्यात हाय, तिथं कुनी हात लावला न्हाई. पर घाटावर मानूस येतं ते पल्याड जायाला. म्या तुमचा हुकूम शिक्क्याआधीच पाळला, सरकार. हौसाईला काठावर ठेवली, आन् लेकरू गेलं. म्या मारलं ते. आता कागद झाला तर रोज एक मरंल, आन् कुनाला त्याचं पापबी वाटायचं न्हाई."

दिवाणजी रागावले नाहीत, हसले. मग हौसाईकडे वळून गोड आवाजात बोलिले, "बाई, ऐकिलेत? नावाडी आम्ही उद्या दुसरा नेमू. तुम्ही नाळ कापावयाच्या विळ्याची निशाणी काढा. मग याच्या लेकीस दारातून परत लाविले तरी तुम्हांस कोणी बोल लावणार नाही."

 हौसाईने लेखणी उचलिली आणि खेत्रोजीकडे वळली.

"पोटात आडवं हुतं ते लेकरू," ती म्हणाली. "येळंवर पोचले असते तर फिरवलं असतं. ह्याच हातानं."

"व्हय, हौसाई."

"तुला माफ न्हाई केलं म्या."

"व्हय."

मग तिने लेखणी खाली ठेविली आणि बोटे पदरास पुसली. "भिवराचं पोट खाली उतरलंय का?"

 खेत्रोजीने मान हलविली, नाही.

"उद्या सकाळी येते बघाया. उतानी निजू देऊ नका तिला."

येणेप्रमाणे दोन निशाण्या उण्या पडल्या. नावाडी दुसरा मिळाला, परंतु सुईण दुसरी मिळेना, आणि एकट्या वल्ह्याने कागद पुरा होत नव्हता, म्हणोन तेही काढिले नाही आणि शिक्का राहिला. खेत्रोजीची नाव सरकारजमा जाहली, आणि पुढे तो दुसऱ्याच्या नावेत पाणी उपसून पोट भरू लागला. भिवरा सुखरूप मोकळी जाहली. मसुदा कोणी फाडिला नाही. दप्तरी आहे, आणि त्याजवर दहा निशाण्या जशाच्या तशा आहेत. लिहिणारास याचेच भय वाटते. हकीकत संपूर्ण.