वेट सिमेंटचा फ्लेक्स

बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर पंक संगीत आणलं ते दुल्फोने, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कारण दुल्फो ते गेली चाळीस वर्षं सांगत होता. पंक्चर काढायला आलेल्या गिऱ्हाइकाला ट्यूबमधून बुडबुडे निघेपर्यंत ‘वेट सिमेंट’ बँडच्या स्थापनेची कथा ऐकावी लागे, ठिगळ सुकेपर्यंत इलोइलो शहरातला गाजलेला कार्यक्रम, आणि हवा भरताना बँडचं गाणं. हवा कमी लागली तर गाणं अर्ध्यावर राही आणि गिऱ्हाईक सुटे.

यंदा फिएस्ताच्या, म्हणजे गावजत्रेच्या, स्मरणिकेत बँडच्या इतिहासाला अख्खं अकरावं पान मिळालं. त्या भरात दुल्फोने गावच्या कॅप्टनला, म्हणजे सरपंचाला, सगळ्यांच्या कॅपला, शब्द देऊन टाकला, की शनिवारी चार वाजता गावच्या चौकात, प्लाझात, वेट सिमेंट पुन्हा वाजणार.

वाजणार कोण, हा प्रश्न कॅपने विचारला नाही आणि दुल्फोने काढला नाही. चौघांपैकी ढोलवाला तीन वर्षांमागे किडनीच्या दुखण्याने गेला होता. बेसवाला कॅनडात नातवंडं सांभाळत होता. उरला गिदियोन, गिटारवाला. तो समुद्रापलीकडे बाकोलोदला फ्रिज दुरुस्त करायचा आणि १९९१पासून दुल्फोशी एक अक्षर बोललेला नव्हता.

कारण ते गाणं. ‘झोप, झोप, नाहीतर समुद्र घरात येईल.’ हुकूमशाहीचे दिवस होते. शहरातल्या विद्यार्थ्यांना त्या ओळीत बंड दिसलं, आणि कांजी लावून केस उभे केलेली ही चार पोरं एका हंगामात मोठी झाली. गाणं तालमीत आणलं होतं गिदियोनने. पण बँडची एकुलती एक कॅसेट निघाली तेव्हा वेष्टनावर छापलं होतं, ‘शब्द आणि चाल: तेओदुल्फो’, म्हणजे दुल्फोच. गिदियोनने ते वाचलं, गिटारची वायर काढली, गुंडाळली आणि बोटीत बसला. वायर मात्र दुल्फोची होती.

आता स्मरणिकेसाठी लिहिताना दुल्फो त्याच श्रेयाच्या ओळीपाशी दोन दिवस अडून बसला, आणि तिसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तेच लिहिलं. चाळीस वर्षांची सवय, हात आपोआप वळला. गिदियोनला मात्र त्याने तीन निरोप धाडले. एकाचंही उत्तर आलं नाही. तो आला नाही, तर शनिवारी प्लाझात वेट सिमेंट वाजणार नव्हतं, एक म्हातारा नुसता ओरडणार होता. हे दुल्फोला कळत होतं, आणि त्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

जाहिरातीला फ्लेक्स हवा म्हणून तो दुकानात गेला. तिथली मुलगी वाढदिवस, परीक्षेचे निकाल आणि मयत, तिन्ही सारख्याच मायेने छापत असे. दुल्फोने तिला एकच जुना फोटो दिला. त्यात तिघांची तोंडं केसांमागे होती, फक्त दुल्फोचं दिसत होतं. सगळं काळं-पांढरं कर, त्या काळासारखं, असं बजावून तो गेला. मुलीला वाटलं, म्हाताऱ्याच्या घरचं कुणी गेलं, बोलवत नसेल बिचाऱ्याला. तिने दुल्फोचा चेहरा मोठा केला, मागे ढग घातले, कोपऱ्यात पांढरं कबुतर सोडलं. खाली त्याने सांगितलेली बँडची वर्षं, १९८४–१९९१, आणि त्याखाली शनिवार, दुपारी चार, प्लाझा. दुल्फोला ढग धुरासारखे वाटले. धूर तर त्यांच्या कार्यक्रमात असायचाच. कबुतराचा अर्थ लागेना, पण त्याचे वेगळे पैसे पडले नव्हते. गुरुवारी सकाळी त्याने फ्लेक्स कुंपणावर बांधला आणि गिटारचा बिघडलेला अँप, म्हणजे अँप्लिफायर, दुरुस्त करायला शहर गाठलं.

शुक्रवारी सकाळी तो परतला तेव्हा अंगणात मांडव होता. गावचा मंडप कॅपने न मागता पाठवला होता. टेबलांवर कॉफी, बिस्किटांचे डबे, भुईमूग. मयताच्या जागरणाला असतात तसे पत्त्यांचे दोन डाव रंगात आले होते. सात म्हाताऱ्या जपमाळ घेऊन तिसऱ्या फेरीत होत्या. दुल्फोच्या खांद्यावर अँप पाहून पहिली म्हातारी थांबली, मग दुसरी; सातवी डोळे मिटून तशीच पुढे गेली.

लोकांना राग आला. एकीने त्याला ऐकवलं, की ती आदल्या संध्याकाळी मनापासून रडली होती, आणि ते रडणं आता परत कसं घ्यायचं? कॅपने वर्षं कशाची म्हणून विचारलं. सातच वर्षं जगलेला दुल्फो असा मिशीवाला कसा, हे कोडं त्यालाही पडलं होतं, पण दुःखाच्या घरी असं विचारायचं नसतं. तरी कॉफी गरम होती आणि डाव अर्ध्यात होते, त्यामुळे उठलं कुणीच नाही. दुल्फोच मुकाट्याने तबक घेऊन कप वाटू लागला.

आणि फाटकातून गिदियोन आला.

केस पांढरे झालेले, पांढरा सदरा, हातात बोटीच्या वाऱ्याने निम्मी झालेली फुलांची चक्राकार माळ, खांद्याला गिटार. फ्लेक्सचा फोटो कुणीतरी फेसबुकवर टाकला होता. त्याने आधी फ्लेक्सकडे पाहिलं, मग तबकाकडे, मग तबक धरणाऱ्याकडे.

“मेला नाहीस?”

“नाही,” दुल्फो म्हणाला. “कॉफी घेणार?”

गिदियोनने माळ खुर्चीवर ठेवली आणि तो वळून चालू लागला. दुल्फो तबक टाकून धावला, तर दोन म्हाताऱ्यांनी त्याचा सदरा मागून धरला. मयताच्या घरातून निघालेल्या पाहुण्याला घरच्याने फाटकापर्यंत पोचवायला जायचं नसतं. मागोमाग दुसरं मरण येतं.

“पण पहिलं मरण कुठंय?” दुल्फो कळवळून म्हणाला.

“प्रार्थनेच्या तीन फेऱ्या झाल्यात,” म्हातारी म्हणाली. “आता मयत असो की नसो, नियम लागला.”

गिदियोन दिसेनासा झाला. त्या एका क्षणी दुल्फोला वाटलं, आपण मेलोच असतो तर बरं झालं असतं, निदान तो थांबला असता. मग त्याने सदऱ्याची बटणं सोडली, सदरा म्हाताऱ्यांच्या हाती ठेवला आणि बनियनवर मागच्या कुंपणावरून उडी मारली. साठाव्या वर्षी मारतात तशी, दोन हप्त्यांत.

गिदियोन सापडला जीपनीच्या, म्हणजे वडापच्या जीपच्या, थांब्यावर. दुल्फोची थोरली बहीण सालूद तिथे कॉफीची टपरी चालवायची; भाऊ अँप घेऊन शहरात गेलाय हे तिला ठाऊक होतं, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं. मयताहून कुणी सरळ घरी जात नाही, वाटेत कुठेतरी टेकावंच लागतं, नाहीतर गेलेला माणूस मागे येतो. गिदियोनही त्याच मातीतला. रागावला तरी टेकला होता.

“आलास ना मागे,” तो दुल्फोला म्हणाला. “मेल्यावरही हेच केलं असतंस.”

दुल्फो बाकावर बसला. धाप जिरल्यावर त्याने जे तेहतीस वर्षं गिळलं होतं ते बाहेर काढलं: गाणं तुझं होतं. मी चोरलं. परवा पुन्हा चोरलं, अकराव्या पानावर.

गिदियोनने कप खाली ठेवला. “शवपेटीपाशी उभं राहून एक गोष्ट सांगायची म्हणून आलो होतो. मेलेल्या माणसाला सांगणं सोपं. तू तेवढंही जमवलं नाहीस.” मग हलकेच म्हणाला, “ते माझंही नव्हतं.”

“मग कुणाचं?”

गिदियोनने बोटाऐवजी ओठ पुढे काढून दाखवलं, टपरीच्या आत. सालूद कप विसळत होती. एकमेकांच्या कॉलरी धरून आलेल्या दोन पोरांकडे पाहावं तशी ती त्यांच्याकडे बघत राहिली.

“माझा रॉनिल झोपायचा नाही,” ती म्हणाली. “त्याचा बाप जहाजावर. मी तोंडाला येईल ते गायची. तुम्ही बाहेर तालमीला यायचात आणि तेच इतक्या जोरात ओरडायचात, की झोपलेलं पोर उठायचं.”

“मनांग,” दुल्फोने थोरलीला हाक मारली, “मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुम्ही दोघं त्याच्यावरून भांडत होतात,” सालूद म्हणाली. “मला वाटलं, चांगलं असेल.”

दुल्फोने मान खाली घातली. एकाच घरात, एका पडद्यापलीकडे ती हे गात होती, आणि त्याला ते कधी ऐकूच आलं नव्हतं.

शनिवारी चार वाजता प्लाझात वेट सिमेंट वाजलं. ढोल नव्हता. गिटार गिदियोनची, बाजूला दुल्फो, मधे खुर्चीवर सालूद, हातात माइक भांड्याच्या दांड्यासारखा धरलेला. तिने एकच अट घातली होती, की गाणं त्याच्या मूळ, अंगाईच्या लयीत व्हायचं. समोर अख्खा गाव होता; रडलेले लोक वसुलीला आले होते. दुसऱ्या कडव्याला पहिल्या रांगेतली दोन तान्ही पोरं मान टाकून गाढ झाली. तिसऱ्याला कॅप घोरू लागला.

बंडाचा इतिहास तिथेच आडवा झाला. दुल्फोने तोंड उघडलं, समोर पाहिलं, आणि कुणी उठू नये म्हणून आयुष्यात पहिल्यांदा आवाज खाली घेतला.