हाना की हाणा

हसनचाचांना तुमच्या नावाचा अर्थ कळला नसेल, तर ते तुम्हाला नावानं हाक मारत नाहीत. तोवर तुम्ही 'अमुक'. आमच्या मॅनेजरचं नाव पीटर. पीटर म्हणजे खडक, हे चाचांना कळायला दोन महिने लागले आणि तेवढे दोन महिने ते भर मीटिंगमध्ये त्याला 'अमुकसाहेब' म्हणत होते. मॅनेजर केरळचा, त्याला ती मराठीतली पदवी वाटली.

चाचा रत्नागिरीकडचे. दोहाजवळच्या हमद पोर्टवर आमच्या शिपिंग एजन्सीत जहाजांची कागदपत्रं बघतात. मी शेजारच्या टेबलावर बसतो आणि अल मन्सूरात त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो, म्हणजे सुटका कुठेच नाही. खलाशांची यादी हातात आली की चाचा तीत बोट घालून बसतात. "युक्रेनचा अमुक, फिलिपिन्सचा अमुक. यल्ला, चला, इचारून येतो." परत आले की अर्थ निळ्या वहीत जातो. अर्थ ठाऊक नसताना हाक मारणं म्हणजे पत्ता न घालता पत्र टाकणं, असं त्यांचं म्हणणं. स्वतःबद्दल विचारलं तर "हसन म्हंजे देखना" एवढं सांगून ते गप्प बसतात. पुढचं ज्याचं त्यानं बघून घ्यावं.

माझं नाव धोंडिराम. दोहात उतरल्या उतरल्या मी त्याचं डी. राम करून टाकलं होतं. चाचांनी एकदा माझा पासपोर्ट बघितला.

"धोंडा म्हंजे दगड. तुजी मोटी भावंडं गेलेली काय रे?"

दोन गेली होती.

"मग दगड नाय तो. पोरगा टिकावा म्हनून आईनं मरनाला दिलेली हुलकावनी हाय. आनि डी. राम म्हंजे काय? कायच नाय."

दुसऱ्या दिवसापासून अख्खं ऑफिस मला धोंडिराम म्हणू लागलं. आठवडाभर मी चाचांशी बोललो नाही.

असा हा माणूस स्वतःच्या मुलाचं नाव मात्र तोंडातून काढत नसे. इरफान नोकरीला जपानला गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि मग घरी कळवलं. "इरफान म्हंजे जान, समज. अर्थ चुकला," चाचा म्हणाले, आणि तेव्हापासून दोन वर्षं नावही बंद, फोनही बंद. गावाहून तेवढ्या चाची मुलाशी बोलायच्या.

मग एके दिवशी चाचींचा मेसेज आला: 'इरफानला मुलगी झाली. हाणा.'

चाचांनी फोन माझ्यापुढे धरला. "बग. तिचा पन राग गेला नाय अजून."

मला चाचींचं म्हणणं जरा कडक वाटलं, पण दुसऱ्याच्या घरच्या भांडणात आपण कशाला पडा. तीन दिवसांनी दुसरा मेसेज आला: 'हाणा दूध नीट पिते.' तेव्हा उलगडा झाला. मुलीचं नाव हाना होतं, चाचींच्या बोटानं 'न'चा 'ण' केला होता.

आता खरी पंचाईत झाली. नातीला अमुक म्हणवेना आणि अर्थ कळल्याशिवाय नाव घेता येईना. गेटवरचा सुदानी म्हणाला, अरबीत हना म्हणजे सुख. चाचांना ते पटेना. "पोरगी जपानची. तिकडला अर्थ पायजे." वहीत त्यांनी एक पान कोरं सोडलं.

महिन्याभरानं गाड्या घेऊन एक जहाज आलं, त्याचा कप्तान जपानी होता. मी मुद्दाम चाचांबरोबर गेलो. सह्या होताच चाचांनी त्याला इंग्रजीत विचारलं, हाना म्हणजे काय?

"फूल," कप्तान म्हणाला. "फार आवडीचं नाव आहे आमच्याकडे. माझ्या मुलीच्या वर्गात दोघी हाना आहेत."

चाचांनी वही उघडली.

"पण दोघींचा अर्थ वेगळा. उच्चार एकच, लिहायची अक्षरं निराळी. ती आईबाप निवडतात. तुमच्या नातीची कुठली?"

"ते कसं कळणार?"

"आईबापांना विचारून."

चाचांनी वही मिटली आणि ती लिपी मीच काढल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

गाडीत बसल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "तिकडं आता किती वाजलं?"

"संध्याकाळचे सहा."

"जेवत असतील."

"चाचा, सहाला कोण जेवतं?"

"जपानी जेवतात. मी इचारलंय." पण फोन लावला. लिहायला हात मोकळे हवेत म्हणून स्पीकरवर ठेवला. सलाम नाही, ख्यालीखुशाली नाही. "पोरीच्या नावाची अक्षरं काय?"

इरफान सांगू लागला. पहिलं अक्षर लाटेचं. दुसरं उच्चारापुरतं, त्याला वेगळा अर्थ धरत नाहीत.

"लाट कशाला? फुलाचं नव्हतं काय?"

"होतं. हिनंच लाटेचं घेतलं. मी सांगितलेलं हिला, माझे बाबा बंदरावर असतात."

चाचांनी कोऱ्या पानावर 'लाट' लिहिलं. पेन तिथंच राहिलं.

"तुज्या बायकोचं नाव काय? अर्थासकट सांग."

"सांगतो. आधी हाक तर मारा पोरीला. फोन तिच्या कानाशी धरलाय."

"हाना," चाचा म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "हाना."

महिन्याची पोर, ती ओ कुठून देणार? तरी चाचा थांबून राहिले. मी खिडकीतून क्रेनकडे बघत बसलो.

"ऐकलान काय रे तिनं, इरफान?" चाचांनी विचारलं.