बसल्या जागची झेप

या मंडळी, जवळ सरकून बसा. इंदूरच्या अन्नपूर्णा भागातली एक गोष्ट सांगतो. ऐकताना हसाल आणि शेवटी हात आपोआप जोडाल.

तिथल्या एका छोट्या मंडळाचे सेक्रेटरी दौलतराव यांनी मंडळाच्या हॉलची एकच शनिवारची संध्याकाळ चुकून दोघांना देऊन टाकली: कीर्तनालाही आणि यशोधरेच्या व्यायामवर्गालाही. यशोधरा व्हीलचेअरवर वावरणारी. दिव्यांग, धडधाकट, सगळ्यांनी एकत्र व्यायाम करायचा, असा तिचा हा पहिलाच वर्ग. कमिटीने बजावलं होतं, आज जमलं तर दर शनिवारी हॉल. फजिती झाली तर पुन्हा नाव काढायचं नाही.

ती आपली माणसं घेऊन आली, तर सगळ्या खुर्च्यांवर कीर्तनाचे श्रोते.

"अंबिकाकाकू, जरा बाहेरच्या ओट्यावर बसता का?" दौलतराव अजिजीने म्हणाले.

"कायको? केव्हाची जगह पकडून बसलेय मी! तुम्हीच बसा ना भिया ओट्यावर."

दौलतरावांना घाम फुटला. "यशोधरा, बेटा, माझ्यापायी तुझा वर्ग बुडाला गं."

"बुडतो कसा? टेन्शन नका घेऊ काका." तिने चाकं फिरवली ती थेट कीर्तनकार बुवांपुढे. "बुवा, आज आख्यान कोणतं?"

"मारुतीरायाच्या उड्डाणाचं."

"मग झालं की! तुम्ही सांगा, आम्ही करतो."

बुवा दिलखुलास हसले आणि उभे राहिले. "मारुतीरायानं छाती भरून श्वास घेतला! दोन्ही बाहू उभारले!"

यशोधरेचे हात वर गेले. तिच्या माणसांचे गेले. त्यांच्यातल्या सुजयला हात एकच, पण तो सगळ्यांत उंच. बघता बघता श्रोतेही बसल्या जागी झेपावू लागले. बुवांना असा चेव चढला, की लंका मागेच राहिली आणि ते थेट द्रोणागिरीवर पोहोचले. अंबिकाकाकूंनी पर्वत म्हणून शेजारणीची पर्स उचलली!

ते बघण्याच्या नादात तबलजीचा ताल सुटला. सगळे हात हवेत अडकले. दौलतरावांनी डोळे मिटले. झाली फजिती!

तेवढ्यात लाकडी स्टेजवर थाप पडली. यशोधरेच्या वर्गातली पूर्णिमा, जन्मापासून ऐकू न येणारी, मघापासून फळीवर तळवा टेकून बसली होती. तबल्याची थरथर तिच्या हातात मुरली होती. ती ठेका देत राहिली. तबलजीने तोच उचलला.

बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून तिला घातला. दौलतरावांनी हात जोडले. इतकी वर्षं कीर्तनं ऐकली, पण आज अंगावर काटा आला.

पुढच्या शनिवारी कीर्तन नव्हतं, तरी हॉल खचाखच. यशोधरा दारातच अडकली. "काका, आता आम्ही कुठे बसायचं?"

"थांब, पहिली रांग उठवतो," दौलतराव कुजबुजले. "सगळी कमिटीच बसलीय तिथे!"

मंडळी, भजनात कधी टाळी चुकली, तर पूर्णिमेची आठवण काढा बरं.