डीडरिक वेळेवर पोहोचला

मुलीच्या गाडीत बसून चर्चला जायचं नाही, एवढाच एक निर्णय अब्राम नॉयफेल्डनं त्या सकाळी घेतला. पुढचं सगळं त्या निर्णयाच्या पोटातून बाहेर पडलं.

बाहेर उणे अडतीस होतं. सस्कॅचेवानच्या त्या माळावर अशा सकाळी थुंकी जमिनीवर पडायच्या आत दगड होते. मार्लिस बेदाण्याच्या पावांचे ट्रे आपल्या छोट्या गाडीत रचत होती.

"बाबा, आज तरी हट्ट सोडा. डीडरिककाकांचा अंत्यविधी आहे. अकरा म्हणजे अकरा."

"मी माझ्या पिकअपनं येतो."

"तुमची पिकअप गेल्या गुरुवारी सुरू झाली नाही. त्याच्या आधीच्या गुरुवारीही नाही."

"गुरुवार तिला मानवत नाही. आज शनिवार आहे."

(म्हाताऱ्या माणसाला एखादी चूक सलग चाळीस वर्षं करता आली, की तो तिला अनुभव म्हणतो.)

खरं कारण वेगळं होतं आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. नोव्हेंबरात सहकारी दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर डीडरिक क्लासननं सात जणांदेखत बोट रोखून सांगितलं होतं, "अब्राम्या, लिहून ठेव. मी मेलो ना, तर तुझं हे डिझेलचं धूड माझ्या अंत्यविधीला येईल ते माझ्याच ट्रॅक्टरला बांधून!"

"स्वतःच्या चाकांवर आलं नाही, तर भंगारात घालीन!" अब्राम गरजला होता.

सात जण खिदळले होते. आणि जन्मात कधी कसली घाई न केलेला डीडरिक जानेवारीत झोपेतच निघून गेला. अब्राम दोन दिवस रडला. तिसऱ्या दिवशी उठून त्यानं बॅटरी तपासली. भांडायला माणूस उरला नव्हता, पैज मात्र उरली होती.

"अहो, ऐकताय का?" गाडीत बसता बसता त्याची बायको ट्रूडा म्हणाली. "डीडरिकभाऊंचा मोठा फोटो तुम्ही आणायचाय. आमच्यात जागा नाही. पडवीत फ्रीझरच्या मागे ठेवलाय, भिंतीकडे तोंड करून. वाकवू नका, ओला करू नका, त्याच्यावर काही ठेवू नका."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

ट्रूडानं उत्तर दिलं नाही. संसारात कुठल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं हे तिला केव्हाच कळलं होतं.

त्या दोघी गेल्या आणि अब्राम कामाला लागला. बॅटरी रात्रभर स्वयंपाकघरात चुलीमागे घोंगडीत गुंडाळून झोपली होती. (अब्रामची सासू आली होती तेव्हा तिला एवढी चांगली जागा मिळाली नव्हती.) ती त्यानं उराशी धरून बाहेर नेली आणि जोडली. इंजिनाला ऊब देणारी वायर घरातून रात्रभर लावलेली होतीच. टाकीतलं डिझेल तुपासारखं थिजू नये म्हणून त्यात रॉकेल ओतलं होतं. मग तो आत बसला, इंजिन आतून तापवणाऱ्या हीटर प्लगचा दिवा लावला, चाळीस आकडे मोजले, देवाला हाक मारली आणि चावी फिरवली.

पिकअप खोकली. पुन्हा खोकली. तिसऱ्या वेळी तिनं असा काही पांढरा धूर सोडला की समोरचा गोठा दिसेनासा झाला. आणि ती सुरू झाली!

"बघितलंस, डीडरिक?" अब्राम आभाळाकडे बघून ओरडला.

तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की रेडिएटर उघडा आहे. अशा थंडीत रेडिएटरपुढे पुठ्ठा नसला तर इंजिन तापतच नाही, वाटेतच दम टाकतं. नऊ वर्षं सेवेत असलेला फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा मंगळवारच्या वादळात उडून बहुधा अमेरिकेत गेला होता. इंजिन बंद करून शोधाशोध करायची हिंमत नव्हती. अब्राम धावत पडवीत शिरला. घरातली ऊब लागताच चष्म्याच्या काचा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. तो चाचपडत राहिला. बूट, बादली, मांजर... आणि फ्रीझरच्या मागे हाताला पुठ्ठा लागला. जाड, ताठ, मापात कापल्यासारखा!

"वा!" अब्राम म्हणाला.

(फोटो म्हणजे चौकट, काच आणि मागे खिळ्याला अडकवायची तार, अशी त्याची समजूत होती. हल्ली छापखान्यात माणूस पुठ्ठ्यावर चिकटवून देतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मार्लिसनं दोनदा सांगितलं होतं.)

बाहेर येताच काचांवरच्या वाफेचा बर्फ झाला. पण हातांना डोळे असतात. पुठ्ठ्याची एक बाजू खरखरीत होती, दुसरी गुळगुळीत. गुळगुळीत बाजू बाहेर ठेवावी म्हणजे हिम चिकटणार नाही, असा शहाणा विचार करून त्यानं पुठ्ठा दोन दिव्यांच्या मधोमध तारेनं आवळून बांधला. डीडरिक सरळ बसला, डोकं खाली पाय वर असा बसला नाही, ही देवाची कृपा.

पिकअप निघाली. रात्रभर एका जागी उभं राहून टायर एका बाजूला चपटे झाले होते, त्यामुळे पहिला मैलभर ती लंगड्या घोड्यासारखी उडत गेली. हीटर फक्त डाव्या पायाच्या अंगठ्यावर फुंकत होता. हाताच्या नखानं चष्मा खरवडत अब्राम गात होता.

वळणावर बर्फ काढणारं यंत्र समोरून आलं. चालवणाऱ्या पीटर हीबर्टनं पिकअपकडे पाहिलं, त्याचा जबडा लोंबला आणि यंत्र सावकाश जाऊन खड्ड्यात टेकलं. जाता जाता अब्रामनं काच खाली केली.

"काय रे पीटर, बघतोस काय? एका दमात सुरू झाली!"

पीटरच्या तोंडून फक्त वाफ निघाली.

पत्रांच्या पेट्यांपाशी म्हातारी सुझाना उभी होती. तिच्या हातून सगळी पत्रं गळली आणि तिनं हात जोडले. सहकारी दुकानाच्या खिडकीत तर कमालच झाली. काळे कोट घालून निघायच्या तयारीत असलेले कॉफीच्या टेबलावरचे ते सातही जण ताडकन उठून उभे राहिले. दोघे दारात आले आणि उणे अडतीसमध्ये त्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

अब्राम चाकामागे ताठ बसला. तीस वर्षं हसत होते मेले! आज टोप्या काढतायत! त्यानं दोनदा भोंगा वाजवला आणि राजासारखा हात हलवला.

चर्चच्या आवारात डीडरिकची शवपेटी नुकतीच गाडीतून उतरवली होती. सहा जण ती खांद्यावर घेऊन पायऱ्यांकडे वळले, आणि समोरून, उडत्या हिमातून, खुद्द डीडरिक क्लासन गालातल्या गालात हसत त्यांच्या अंगावर चालून आला. मिशीला बर्फ, नाकाच्या टोकाला लोंबणारा हिमाचा खडा.

पुढच्या उजव्या माणसानं किंकाळी फोडली. मागच्या डाव्यानं "आई गं!" म्हणून हात सोडला. पेटी कलली, पाद्र्यानं झेप घेऊन ती पोटावर झेलली. बायका ट्रेसकट मागे सरल्या आणि बेदाण्याचे पाव हिमात गडगडले.

अब्राम ऐटीत उतरला. "अकराला दहा कमी!" तो म्हणाला. "स्वतःच्या चाकांवर!"

गर्दीतून मार्लिस आली. तिचा चेहरा हिमापेक्षा पांढरा होता.

"बाबा, फोटो कुठाय?"

अब्रामनं कपाळावर हात मारला. पोरगी, बायको, फ्रीझर, सगळं एकदम आठवलं.

"विसरलो," तो कसाबसा म्हणाला. "मार, शिव्या दे, पण खरंच विसरलो गं. फोटो घरीच राहिला."

"घरी?" मार्लिस किंचाळली. "बाबा, मागे वळून बघा!"

अब्राम वळला. डीडरिकनं त्याच्याकडे पाहून स्मित केलं. अब्राम मटकन बंपरवर बसला. बसल्यावर त्याचं डोकं डीडरिकच्या हनुवटीला टेकलं, म्हणून तो पुन्हा उठला.

मग डीडरिकच्या पत्नी अगाथावहिनी पुढे आल्या. काळ्या झग्यावर नवऱ्याचा जुना कोट चढवलेल्या. विधवेचा अपमान, मेलेल्याचा अपमान, चर्चचा अपमान, अब्रामला आता कुठला देव वाचवणार! वहिनींनी नवऱ्याच्या मिशीवरचा बर्फ अंगठ्यानं पुसला आणि नीट निरखून पाहिलं.

"लग्नाच्या दिवशीसुद्धा हा माणूस पाऊण तास उशिरा आला होता," त्या म्हणाल्या. "जन्मात पहिल्यांदा चर्चला वेळेवर पोहोचला."

आधी पाद्री हसला. मग सगळेच.

फोटो सोडवून आत पेटीजवळ उभा केला. उबेत तो वितळू लागला, प्रार्थना चालू असताना डीडरिकच्या दोन्ही गालांवरून काळपट पाणी ओघळलं आणि चर्चभर डिझेलचा वास पसरला. अब्राम मान खाली घालून बसला होता, पण आतून फुगलेलाही होता. झालं ते झालं. पैज तर आपणच जिंकली!

या खुशीत तो एक गोष्ट विसरला. आवारात प्रत्येक गाडीसाठी खांब होता, त्याच्यावर विजेची सोय होती, सगळ्यांनी इंजिनं उबेला लावली होती. अब्रामनं वायर लावलीच नव्हती. पुठ्ठाही गेलेला. दफन झालं, साखरेचे खडे तोंडात धरून तीन-तीन कप कॉफी झाली, आणि सगळ्या गावासमोर अब्रामनं चावी फिरवली.

पिकअप खोकलीसुद्धा नाही.

"आज शनिवार ना बाबा?" मार्लिसनं विचारलं.

कुणी हसेना. ते जास्त वाईट होतं. सातही जण कोटाच्या खिशात हात घालून आभाळाकडे बघत उभे होते. अगाथावहिनींचं घर चर्चसमोरच. त्या तिकडे गेल्या, झग्यावरूनच डीडरिकचा कामाचा डगला चढवला आणि डीडरिकचा ट्रॅक्टर घेऊन आल्या. साखळी त्यांनीच अडकवली.

"वहिनी," अब्राम पुटपुटला, "येताना मी आपला आपणच आलो. हे लक्षात असू द्या."

"आहे की लक्षात. चढा आता."

ट्रॅक्टरच्या केबिनची मागची काच शरद ऋतूतच फुटली होती. अब्रामच्या घरापर्यंत सहा मैल पाठीत वारा कोण घेणार? वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं आणि आतून तो फोटो मागवला. तेवढ्या जागेत तो मापात कापल्यासारखा बसला. गुळगुळीत बाजू बाहेर, म्हणजे हिम चिकटणार नाही.

सहा मैल, माणसाच्या चालीनं, अब्राम बंद पिकअपमध्ये चाक धरून बसला. पंधरा फुटांवरून डीडरिक त्याच्याकडे बघून हसत होता. सकाळपासून दर मिनिटाला बर्फानं झाकला जाणारा अब्रामचा चष्मा त्या सहा मैलांत एकदाही पांढरा झाला नाही.